लस कोणत्या भांड्यात वाढते?



कामगार चळवळीतला माणूस व्यासपीठावर उभा राहिला, की तो बोनस, महागाईभत्ता आणि किमान वेतन यांविषयी बोलणार, असे श्रोते धरूनच चालतात. चालकांनी मला विषय विचारला आणि मी तो सांगितला, तेव्हा त्यांनी दोनदा विचारून खात्री करून घेतली. त्यांचा संशय रास्तच होता. मी सातवीनंतर शाळेचे तोंड पाहिलेले नाही. जे वाचले ते युनियनच्या कचेरीत, रात्री, कोर्टाच्या दोन तारखांमधल्या सवडीत वाचले. जे समजले नाही ते डॉक्टर मंडळींना विचारून घेतले. तेव्हा माझ्याकडून विद्वत्तेची अपेक्षा ठेवू नका. पण हा विषय मी हौसेने घेतलेला नाही. तो मला एका काजूच्या बागेत काम करणाऱ्या बाईने दिला आहे.

काही वर्षांपूर्वी मार्च महिन्यात मी दोडामार्गाकडे बागांतील मजुरांची बैठक घ्यावयास गेलो होतो. 1981 सालापर्यंत तो सारा मुलूख आपल्याच रत्नागिरी जिल्ह्यात होता, हे येथील वडीलधाऱ्यांना सांगावयास नको. मजुरीचे बोलणे आटोपल्यावर मागे बसलेली एक पोक्त बाई म्हणाली, "भाऊ, माकडतापाची लस होती म्हणतत. मगे ती गेली खंय?" मी तीस वर्षे मालकांच्या वकिलांना उत्तरे देत आलो आहे, पण त्या बाईला देण्यासारखे उत्तर माझ्यापाशी नव्हते. ते शोधता शोधता मी पुण्याच्या प्रयोगशाळेपर्यंत, तेथून कोंबडीच्या अंड्यापर्यंत आणि शेवटी फ्रान्समधल्या बदकाच्या पेशीपर्यंत जाऊन पोहोचलो. तोच प्रवास आज तुमच्याबरोबर पुन्हा करावयाचा आहे.

आरंभ परळपासून करू. माझे वडील परळच्या गिरणीत होते. 1982 चा संप फसला आणि आम्ही गावी परतलो, त्याआधीचे माझे लहानपण परळलाच गेले. तेथे हाफकिन इन्स्टिट्यूट आहे. 1896 साली मुंबईत प्लेग आला, तेव्हा वाल्देमार हाफकिन या शास्त्रज्ञाने त्यावरची लस तयार केली, आणि 10 जानेवारी 1897 रोजी ती प्रथम स्वतःला टोचून घेतली. 1899 साली त्याची प्रयोगशाळा परळच्या जुन्या गव्हर्नमेंट हाउसात आली. हाफकिनची रीत आपल्या घरातल्या बायकांना सहज समजेल अशी होती. मांसाच्या सारात प्लेगचे जंतू सोडायचे आणि वर तुपाचे थेंब तरंगत ठेवायचे. त्या थेंबांना धरून जंतू खाली लोंबत वाढत. पुढे ते उष्णतेने मारले की लस झाली.

प्लेगचा जंतू साध्या सारावर वाढला, कारण तो स्वतः खातो, पचवतो आणि वाढतो. विषाणूचे तसे नाही. त्याला खाता येत नाही, पचवता येत नाही, आपल्यासारखा दुसरा घडवताही येत नाही. आमच्या भाषेत सांगायचे तर तो असा मालक आहे, की ज्याच्यापाशी कारखाना नाही, यंत्र नाही, कामगार नाही. खिशात फक्त मालाचा नकाशा आहे. तो जिवंत पेशीत शिरतो, तेथील यंत्रे आणि कामगार ताब्यात घेतो आणि त्यांच्याकडून आपल्याच प्रती काढवून घेतो. म्हणून विषाणूची लस करावयाची तर सार आणि तूप चालत नाही, जिवंत पेशी लागते. त्या पेशीलाच मी भांडे म्हणतो. गेल्या दीडशे वर्षांतील विषाणूंच्या लसींचा इतिहास हा बऱ्याच अंशी या भांड्यांचा इतिहास आहे.

आरंभीची भांडी म्हणजे सबंध जनावरेच होती. देवीच्या लसीसाठी वासरू लागे. पिसाळलेल्या कुत्र्याच्या विषावरची आपल्याकडची जुनी लस मेंढीच्या मेंदूत वाढवीत. या सभेत माझ्या वयाचे जे आहेत, त्यांपैकी कोणी ना कोणी पोटात ती चौदा इंजेक्शने घेतलेली असतील. मी नवव्या वर्षी घेतली आहेत. दुखण्यापेक्षाही वाईट गोष्ट अशी, की लसीबरोबर मेंढीच्या मेंदूचा अंशही शरीरात जाई आणि क्वचित एखाद्याला त्यातून पक्षाघात होई. 2005 च्या सुमारास ती लस आपल्या देशातून गेली. तिची जागा ज्या लसींनी घेतली त्यांतली एक कोंबडीच्या अंड्यातील गर्भाच्या पेशींवर वाढते, आणि ती शेजारच्या गुजरातेत, अंकलेश्वरला तयार होते. कुत्रा चावल्यावर आज दंडात चार-पाच सुया घेऊन माणूस कामावर जातो, ते भांडे बदलल्यामुळे.

अंड्याची युक्ती अमेरिकेतल्या अर्नेस्ट गुडपास्चर यांनी 1931 साली दाखवून दिली. उबवत ठेवलेल्या अंड्यात जिवंत गर्भ असतो, बाहेरून कवच असते आणि आत पोषणाची सोय असते. विषाणूला राहावयास याहून स्वस्त आणि स्वच्छ घर त्या काळी दुसरे नव्हते. मॅक्स थायलर यांनी पिवळ्या तापाची लस कोंबडीच्या गर्भाच्या पेशींवर सौम्य करून घेतली, आणि 1951 साली त्यांना नोबेल पारितोषिक मिळाले. इन्फ्लुएन्झाची लस आजही जगात मुख्यतः अंड्यातच वाढते. 2010 साली पुण्याच्या सीरम इन्स्टिट्यूटने स्वाइन फ्लूची नाकात ओढावयाची लस काढली, तीही अंड्यावरचीच.

आता आपल्या माकडतापाकडे येतो. 1952 साली पुण्यात व्हायरस रिसर्च सेंटर स्थापन झाले. त्यालाच पुढे राष्ट्रीय विषाणू संस्था असे नाव पडले. 1957 साली शिमोगा जिल्ह्यातल्या क्यासनूरच्या जंगलात माकडे पटापट मरू लागली आणि पाठोपाठ माणसांना ताप येऊ लागला. पुण्याच्या मंडळींनी त्या जंगलात जाऊन नवा विषाणू शोधून काढला. तो गोचिडीतून पसरतो. गोचीड अगदी बारीक असते तेव्हा, म्हणजे पावसाळा सरल्यापासून उन्हाळा संपेपर्यंत, धोका सर्वांत अधिक. तीव्र ताप, अंगदुखी, काहींना रक्तस्राव. आणि शंभर रोग्यांमागे तीन ते पाच दगावतात. त्यावर नेमके औषध नाही.

प्रथम रशियातील अशाच एका गोचीडतापावरची, उंदराच्या मेंदूत वाढवलेली लस वापरून पाहण्यात आली. ती लागू पडली नाही. तेव्हा पुण्याच्या शास्त्रज्ञांनी 1960 नंतरच्या दशकात स्वतःची लस तयार केली, आणि तिचे भांडे होते कोंबडीच्या गर्भाची पेशी. दहाएक दिवस उबवलेली अंडी घ्यायची. कवच स्पिरिटने पुसून गर्भ बाहेर काढायचा, त्याचे बारीक तुकडे करायचे आणि ट्रिप्सिन या पाचकद्रव्याने पेशी सुट्या करायच्या. त्या पेशी बाटलीच्या तळाशी पातळ थर धरून वाढतात. त्या थरावर विषाणू सोडायचा, तो वाढला की वरचे पाणी काढून घ्यायचे आणि फॉर्मलिनने विषाणू मारायचा. पुढे वर्षानुवर्षे ही लस बंगळूरजवळ हेब्बाळ येथील सरकारी पशुवैद्यकीय संस्थेत तयार होत असे.

लस उपयोगी होती काय? होती. 1990 ते 1992 या काळातील पाहणीत दोन मात्रा घेतलेल्यांमध्ये संरक्षण शेकडा 93 च्या घरात आढळले. परंतु 2005 ते 2010 या काळातील पाहणीत तेच प्रमाण शेकडा 62 वर उतरलेले दिसले. त्यावर आणखी एक मात्रा घेतली तर ते 83 वर जाई. म्हणजे दोन सुया महिन्याच्या अंतराने, तिसरी सहा ते नऊ महिन्यांनी, आणि पुढेही दरवर्षी एक. हातावर पोट असलेला मजूर या गावातून त्या गावात कामाला जातो. त्याने हे वेळापत्रक कसे सांभाळावे?

इकडे रोग मात्र सरकत सरकत आपल्या दाराशी आला. 2015 साली गोव्यात सत्तरी तालुक्यात, आणि 2016 साली आपल्या सिंधुदुर्गात दोडामार्गाकडे व बांद्याकडे. गोव्यातल्या काजूच्या बागांत कामाला गेलेले बेळगाव जिल्ह्यातले मजूर आजारी पडले, तेव्हा हा काजू कामगारांचा धंद्यातला रोग आहे असे शास्त्रज्ञांनीच लिहून ठेवले. विचार करा. काजूचा हंगाम फेब्रुवारी ते मे. बी वेचायची तर पाल्यात हात घालावा लागतो, बेणणी करावी लागते. माकडेही बोंडू खावयास त्याच बागेत येतात. गोचिडीचा हंगामही तोच. तिघांचा हंगाम एक, आणि त्यांत मजुरी मिळते ती एकालाच. अशा वेळी, 2022 साली, ती जुनी लस देणे थांबले. तिचा गुण उतरला होता, म्हणून थांबविणे चूक म्हणता येणार नाही. पण तिच्या जागी ठेवावयास दुसरी तयार नव्हती. त्या बाईच्या प्रश्नाचे हे अर्धे उत्तर.

उरलेले अर्धे उत्तर भांड्याच्या गोष्टीत आहे. गर्भाची साधी पेशी काही पिढ्या वाढते आणि मग थकते, विभागणे थांबवते. म्हणून प्रत्येक खेपेला नवी अंडी आणि नवे गर्भ. आज आणलेल्या अंड्यातील पेशी आणि सहा महिन्यांनी आणलेल्या अंड्यातील पेशी अगदी एकसारख्या असतीलच असे नाही. शिवाय बाजारातले अंडे चालत नाही. कोंबडीतून अंड्यात उतरणारे काही विषाणू असतात. पूर्वी पिवळ्या तापाच्या लसीत कोंबड्यांच्या रक्ताच्या कर्करोगाचा विषाणू सापडला होता. पुढे पाहणी झाली, माणसांना त्याचा अपाय झाल्याचे आढळले नाही. पण तेव्हापासून लसीसाठी बंदिस्त, गाळलेल्या हवेत वाढवलेल्या, रोगमुक्त कोंबड्यांची अंडी वापरण्याकडे कल झाला. पुण्याचा वेंकटेश्वर हॅचरीज समूह अशी अंडी तयार करतो. ती अर्थातच महाग असतात.

आणि कोंबड्यांनीच संप केला तर? हसू नका, तसे घडू शकते. 2006 च्या फेब्रुवारीत नंदुरबार जिल्ह्यातल्या नवापूरला बर्ड फ्लू आला. आपल्या देशातली ती पहिलीच साथ. लक्षावधी कोंबड्या माराव्या लागल्या. आता पाहा, बर्ड फ्लू माणसांत पसरला तर त्याच्या लसीसाठी कोट्यवधी अंडी लागतील, आणि ती घालणाऱ्या कोंबड्यांनाच तो रोग आधी मारील. ज्या घराला आग लागली त्याच घरात पाण्याची विहीर, अशी ही अवस्था आहे.

यावर तोड म्हणून शास्त्रज्ञांनी मूलपेशीचा मार्ग शोधला. नुकत्याच घातलेल्या अंड्यात बलकावर एक फिकट ठिपका असतो. त्यात हजारो पेशी असतात, आणि पिसे व्हायचे की पाय व्हायचे हे त्यांचे अजून ठरलेले नसते. त्यांना मूलपेशी म्हणतात. कोवळ्या पोराला कोणत्याही खात्यात घालावे आणि त्याने तेथले काम शिकावे, तशी त्यांची स्थिती असते. त्यांचा दुसरा गुण असा, की नीट जपल्या तर त्या थकत नाहीत, विभागतच राहतात. 1996 साली फ्रान्समधील संशोधकांनी कोंबडीच्या अशा पेशी प्रयोगशाळेत टिकवून दाखवल्या. पुढे तेथील नाँत शहरालगतच्या व्हिव्हालिस या कंपनीने बदकाच्या अंड्यातील मूलपेशींपासून एक कायमची पेशीमालिका तयार केली. तिचे नाव ईबी 66.

बदकच का, असा प्रश्न मलाही पडला. कोंबडीच्या पेशीच्या मूळ साच्यातच काही जुने विषाणू दडलेले असतात, ते काढून टाकता येत नाहीत. बदक त्या बाबतीत पुष्कळच निर्मळ आहे. या पेशींना हळूहळू सवय लावली, तसतसे त्यांचे लाड कमी केले, वासराच्या रक्तातला द्रव बंद केला, बाटलीच्या तळाला चिकटून राहणे सोडायला लावले. आता त्या पोलादी टाकीत, ढवळलेल्या पाण्यात सुट्या तरंगत वाढतात आणि एका दिवसाच्या आत दुप्पट होतात. त्यांच्या हजारो कुप्या अतिशीत नत्रवायूच्या द्रवात गोठवून ठेवता येतात. कुपी काढली, जागी केली, टाकीत सोडली, की काम चालू. दर खेपेला तीच पेशी, एकदाच कसून तपासलेली. ना कोंबडी, ना खुराडे, ना अंड्यांच्या गाड्या. या बदकपेशीवर वाढवलेली बर्ड फ्लूची लस जपानमध्ये 2014 साली मंजूर झाली. आगीच्या घराबाहेर विहीर खणली गेली ती अशी.

आता कोणी म्हणेल, मग हे भांडे आणा आणि माकडतापाची लस काढा. इतके सोपे ते नाही. प्रत्येक विषाणूला प्रत्येक पेशी मानवत नाही; ते प्रयोगानेच ठरावे लागते. कायम वाढणारी पेशी म्हटली की तिच्यात गाठीचा दोष नाही ना, लसीत तिचा अंश उरत नाही ना, हे पाहावे लागते. दुसरीही कायमची भांडी आहेत. आफ्रिकेतल्या माकडाच्या मूत्रपिंडापासून 1962 साली जपानमध्ये काढलेली व्हेरो ही पेशी जगभर वापरात आहे. पुण्याच्या विषाणू संस्थेने वेगळा केलेला करोनाचा विषाणू याच पेशीवर वाढवून हैदराबादच्या भारत बायोटेकने कोव्हॅक्सिन केली. म्हणून बदकाची मी जाहिरात करीत नाही. माझा मुद्दा भांड्याच्या मालकीचा आहे.

अंड्याला पेटंट नव्हते. पुण्याने माकडतापाची लस केली तेव्हा कोणा कंपनीची परवानगी मागावी लागली नाही. ईबी 66 ची गोष्ट निराळी आहे. व्हिव्हालिस 2013 साली दुसऱ्या कंपनीत मिळून व्हाल्नेव्हा झाली, आणि ही पेशी वापरावयाची तर त्यांच्याशी करार करावा लागतो. त्यांनी बुद्धी आणि पैसा खर्च केला, मोबदला मागितला, यात मी पाप मानीत नाही. पण इन्फ्लुएन्झाच्या लसीला श्रीमंत देशांचे गिऱ्हाईक आहे. माकडतापाचे गिऱ्हाईक कोण? काजू वेचणारी बाई आणि लाकूडफाटा आणणारा गडी. त्यांच्यासाठी कोणती कंपनी स्वतः होऊन भांडे उघडील? पेशी थकेनाशी झाली, अंड्यांची अडचण सरली, तरी गरिबाची लस आपोआप होत नाही. यंत्र सुधारले म्हणून कामगाराचे तास आपोआप कमी झाले नाहीत, ते मागावे लागले. हा आमच्या चळवळीचा अनुभव येथेही लागू आहे.

म्हणून तीन गोष्टी मागाव्या असे मला वाटते. भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेने हैदराबादच्या इंडियन इम्युनॉलॉजिकल्स या संस्थेबरोबर माकडतापाची नवी लस करण्याचे काम हाती घेतले आहे. त्याचे स्वागत करून पहिली मागणी अशी, की लस सिद्ध होताच कर्नाटक, महाराष्ट्र, गोवा, केरळ आणि तमिळनाडू या सरकारांनी मिळून दरवर्षीची खरेदी आधीच ठरवून द्यावी. खात्रीचे गिऱ्हाईक असल्यावाचून कोणी टाकी चालू ठेवणार नाही. दुसरी मागणी भांड्याची. पुण्यातच राष्ट्रीय पेशीविज्ञान केंद्र आहे, आणि देशभरच्या संशोधकांना पेशी पुरवणारी सरकारी पेढी तेथे चालते. लस करण्याजोगी, नीट तपासलेली, पक्ष्याच्या मूलपेशीची आपली स्वतःची मालिका अशा पेढीत सार्वजनिक मालमत्ता म्हणून असावी. गावाच्या विहिरीला जसा एक मालक नसतो, तसे. तिसरी मागणी, नव्या लसीच्या मात्रा कमी असाव्यात आणि त्या हंगामापूर्वी बागेत येऊन द्याव्यात. मजुराचा दिवस बुडवून तालुक्याला बोलावू नये.

लस येईपर्यंत काय करावे, हेही सांगितले पाहिजे. माकड मेलेले दिसले तर त्याला हात न लावता आरोग्यखात्याला कळवा. बागेत जाताना अंगभर कपडे घाला, उघड्या अंगाला गोचीड दूर ठेवणारे डेपा तेल लावा, पाल्यावर बसू नका, घरी आल्यावर गरम पाण्याने आंघोळ करून कपडे धुवा. आणि येथे बसलेल्या बागाईतदार मंडळींना माझी हात जोडून विनंती आहे, की तेलाच्या त्या बाटलीचा खर्च मजुराच्या मजुरीतून कापू नका.

त्या बाईकडे मी नंतर पुन्हा गेलो आणि माझ्या परीने सारे सांगितले. अंडे, कोंबडी, बदक, टाकी, सगळे. तिने शांतपणे ऐकले आणि म्हणाली, "म्हणजे पेशी मरत नाय, पण लस मरता." शास्त्रज्ञांच्या पुस्तकांतून मला जे तीन वर्षांत उमगले, ते तिने एका वाक्यात सांगितले. पेशी कशी जगवावी हे विज्ञानाने शिकवले. लस जगवण्याचे काम मात्र तुमचे माझे आहे. ते आपण करू या.